पाणी ठीक आहे, या

चाकणच्या पुढे भामा नदीला एक जुना दगडी घाट आहे. रविवारी सकाळी आसपासच्या कंपन्यांतली माणसं बायकामुलांसह तिथे पोहायला जमतात. पूर्वी अधूनमधून कोणीतरी बुडायचं, म्हणून त्यांनीच एक सोय केली. पाण्यात लोखंडी खांब रोवला, त्यावर खालून वर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे रंगवले. ज्याची पाळी असेल त्याने आधी जाऊन पाणी कुठल्या पट्ट्याला लागलंय ते बघायचं, दोरीने थर्मामीटर सोडायचा आणि ग्रुपवर कळवायचं. निरोप आल्याशिवाय पाण्यात कोणी उतरत नसे.

त्या रविवारी पाळी विजयश्रीची होती. ती कुरुळीत राहायची, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मापं तपासायची. आठवडाभर ओव्हरटाइम झाला होता. गजर वाजला, तो तिने बंद केला. आदल्या संध्याकाळी जाता जाता घाट पाहिला होता; पाणी संथ होतं. अंथरुणातूनच तिने लिहिलं, ‘हिरवा पट्टा, बावीस अंश. पाणी ठीक आहे, या.’ आणि कूस बदलली.

रात्री वर डोंगरात अवकाळी पाऊस झाला होता.

मारुतराव घाटालगतच राहायचे. निरोप आला की सगळ्यात आधी तेच उतरत. गॅरेजवाला नौशाद पोचला तेव्हा लाल पट्टाही बुडालेला होता आणि वरच्या पायरीवर मारुतरावांचे कपडे घडी घालून ठेवलेले होते. ते स्वतः सापडले दुसऱ्या दिवशी, बरंच खाली, बाभळींत अडकलेले.

"तुम्ही मोजून गेल्यावर पाणी चढलं असणार," नौशाद म्हणाला. "तुमचा काय दोष, ताई?"

बोलायची वेळ हीच होती, हे तिला कळत होतं. तिने नुसती मान डोलावली.

तेरावं झाल्यावर लोक हळूहळू पुन्हा येऊ लागले. पाणी उतरलं होतं, थंडी वाढली होती. विजयश्री आता पाळी नसली तरी सगळ्यांच्या आधी घाटावर असायची. एका रविवारी खांबाजवळ अठरा अंश भरले. दोरी पुढे सरकवली तसा आकडा चढत गेला. पायऱ्या संपतात तिथे सदतीस, माणसाच्या अंगाइतके.

तिने कंपनीतला थर्मामीटर आणून पाहिला. तोही सदतीसच दाखवत होता.

"वरून कुठल्यातरी कारखान्याचं गरम पाणी येत असेल," नौशाद म्हणाला.

ती आठवड्यातल्या मधल्या एका दिवशी रजा काढून गेली. सगळीकडे सारखंच गार. रविवारी पुन्हा तेवढीच जागा उबदार, एक माणूस आडवा मावेल एवढी.

पोरांना ती जागा फार आवडली. कुडकुडत यायची आणि तिथेच घोळका करून उभी राहायची. विजयश्री त्यांना हाका मारून बाहेर बोलवायची. 

मग एकदा नौशाद तिथून पोहत गेला आणि घाईने वर आला. बराच वेळ डोकं पुसत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. बाजूने कोणीतरी गेल्यासारखं वाटलं." टॉवेल पिळता पिळता तो थांबला. "धाप लागली होती, ताई, त्याला."

पुढच्या शनिवारी ती मारुतरावांच्या घरी गेली. त्यांची बायको शालनबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

विजयश्रीने उभ्याउभ्याच सांगितलं. "काकू, मी त्या दिवशी गेलेच नव्हते. मोजलंच नव्हतं. घरी झोपून लिहिलं."

शालनबाईंनी मान वर केली नाही.

"म्हाईत हाय."

"कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? दर रविवारी पहाटं तुजा त्योच निरोप येतो, आन् ते उठून जात्यात. मी म्हनते, नका जाऊ, पानी लई हाय. ऐकत न्हाईत. म्हनत्यात, पोरीनं मोजलंय."

विजयश्री ओट्याच्या कडेला टेकली.

"आणि... परत कधी येतात?"

"परत कुटं येत्यात." शालनबाईंनी सालपटांवर फुंकर घातली. "पुढल्या रविवारी बगते, तर हातरुणातच असत्यात."

त्यांनी पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता.

"उद्या रविवार हाय," त्या म्हणाल्या. "उद्या तरी खरं कळव."