नळांच्या दुकानापर्यंत

"वॉशर हवाय?" त्यानं विचारलं.

मला हवा होता श्वास. पण असं कुणाला सांगतात का? कपाळावरचा घाम पुसत मी मान डोलावली... आणि नळांच्या त्या दुकानातून आयुष्यातला पहिला वॉशर विकत घेतला.

ऑफिसातून घरी जायचा रस्ता चढाचा. मला शाळेत असल्यापासून डायबेटिस आहे. इन्सुलिन मी अजूनही बाथरूमची कडी लावून घेते. आता त्या मेल्या साखरेनं हृदयाच्या रक्तवाहिन्याही अरुंद केल्यात. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तुझ्या छातीत दुखेलच असं नाही. दम लागला, की तिथल्या तिथे थांबायचं." भर तारुण्यात म्हातारीसारखं रस्त्यात थांबायचं! म्हणून मी दुकानाच्या काचेपाशी उभी राहून चकचकीत नळ बघत असल्याचं नाटक करायचे.

आणि तो समजायचा, मी त्यालाच बघते.

"आज उशीर?" तो दारात येऊन विचारायचा.

"तुम्ही वाट बघत होतात वाटतं?"

"छे! मी तर नळ पुसत होतो."

"एकच नळ? कालपासून?"

तो हसला, की गालावर खळी पडायची – आणि वाटायचं, सांगून टाकावं. पण मावशीनं पढवून ठेवलं होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. आजारी मुलगी कोण करून घेतं?" मी मूठ झाकलेलीच ठेवली. 'तुम्ही'चं 'तू' झालं. घरात एकही नळ गळत नव्हता, तरी वॉशरचा ढीग साचला.

मग एके दिवशी तो म्हणाला, "रविवारी आईला भेटायला येशील? मी तिला सांगितलंय... एक मुलगी रोज माझ्यासाठी दुकानासमोर थांबते."

माझे कान तापले. ही लाज गोड नव्हती. आता त्याच्या आईसमोरही मी हेच खोटं घेऊन बसणार होते.

"मी तुझ्यासाठी थांबले नव्हते," मी म्हणाले. नजर वर होईना. "मला... दम लागायचा."

एकदा तोंड उघडलं आणि सगळंच बाहेर पडलं – साखर, सुया, हृदय, पुढच्या आठवड्यातली अँजिओग्राफी.

तो हातातला पाना नुसताच फिरवत राहिला. "म्हणजे मी आपला उगाच..." तो पुटपुटला. "रोज केस विंचरून उभा राहायचो. आईलासुद्धा सांगून बसलो."

त्याला असं ओशाळलेलं मला बघवेना. उरलेलंही सांगणं भाग होतं, आणि तेच सगळ्यात लाजिरवाणं होतं.

"दम मला खालीच लागतो," मी म्हणाले. "औषधांच्या दुकानाबाहेर बाकडं आहे ना, तिथे. पहिल्या दिवशी त्यावर जागा नव्हती, म्हणून इथवर आले. नंतर ते रिकामंच असायचं."

"मग?"

"मग काय... तिथे बसले असते, तर तू दिसला नसतास."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो असा काही भडकला! "अक्कल आहे का तुला? दम लागलेला असताना चढत होतीस? नळ बघायला?"

"नळ नाही रे..."

"कळलं!" तो ओरडला, आणि पाठ फिरवून आत गेला. रविवारचं नावसुद्धा काढलं नाही. मी मान खाली घालून घर गाठलं. वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानापाशी श्वास फुलला. पुढे जायला तोंडच नव्हतं, म्हणून बाकड्याकडे वळले... तर तो तिथे बसलेला. केस विंचरलेले. मांडीवर एक नळ, हातात फडकं.

"दुकान?" मी विचारलं.

"बाबा बघतायत." तो बाजूला सरकला. "बस आधी. रविवारी आई इथेच येणार आहे. म्हणाली, पोरीला कशाला चढायला लावतोस?"

"तिला... सगळं सांगितलंस?"

"सगळं." तो नळ पुसत राहिला. "तू माझ्यासाठी थांबली नव्हतीस, हेसुद्धा."

मी बसले. दम केव्हाच ओसरला, तरी उठले नाही.