दोन दाण्यांचं घर

भिलाईत स्टील प्लांटच्या सेक्टरमधली क्वार्टरं म्हणजे जुळी भावंडं. तेच फाटक, तीच पिवळी भिंत, अंगणात तोच पेरू. नव्या माणसानं चुकायचंच. म्हणून रविवारी दुपारी इस्त्रीचा निळा शर्ट घातलेला एक उंच मुलगा मिठाईचा डबा घेऊन सरळ आत आला, चपला काढून, नमस्कार करून खुर्चीवर बसला, तेव्हा भूमिकाला फारसं नवल वाटलं नाही. हा कोण, तेही तिला ताबडतोब कळलं. मागच्या गल्लीतल्या रीनाला आज बघायला येणार होते. कालच रीनाची आई कपांचा नवा सेट मागून घेऊन गेली होती, जो भूमिकाच्या आईनं सख्ख्या जावेसाठीही कधी कपाटातून काढला नव्हता.

सांगायला हवं होतं. एका वाक्याचं तर काम. पण आई-बाबा बाजारात गेलेले, आणि मुलगा असा अंग चोरून बसलेला की... गंमत करावीशी वाटली. फक्त पाच मिनिटं, असं तिनं स्वतःला बजावलं.

"आई अन् मामा पावर हाउस स्टेशनहून ऑटोनं येऊन राहिले," तो फरशीकडे पाहत म्हणाला. "मी ड्यूटीवरून सीधा इकडंच आलो. मी कमलेश. मालगाडीच्या इंजिनवर असिस्टंट आहो."

"बरं," भूमिका म्हणाली आणि चिमट्यातला पिवळा तुकडा खाली ठेवला.

तेव्हा कुठे त्याचं टेबलाकडे लक्ष गेलं, आणि बसल्या जागी तो पुढे सरकला. टेबलावर अख्खं सेक्टर उभं होतं, खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटांचं. लहान मुलं बांधतात तसं ढोबळ नव्हे हो. वर दोन दाणे, म्हणजे जोडायचे उंचवटे, असलेली एक वीट म्हणजे एक क्वार्टर, हिरवा गोल तुकडा म्हणजे आंब्याचं झाड, आणि टोकाला राखाडी तुकडे एकावर एक चढवून केलेली प्लांटची भट्टी, तिच्यापाशी रूळ आणि रुळांवर मालगाडी. बाबा मार्चमध्ये रिटायर होणार, क्वार्टर सोडून जुनवानीच्या फ्लॅटमध्ये जायचं. जन्म जिथे गेला ते सगळं बरोबर न्यायचं, म्हणून भूमिकानं हा घाट घातला होता.

"हे... तुमी बनवलं?"

"नाही तं काय, बाजारात भेटते?"

स्वयंपाक येतो का, पुढे शिकायचं आहे का, असलं काहीच त्यानं विचारलं नाही. खुर्ची ओढून तो टेबलापाशी आला आणि रुळांवर वाकला.

"मालगाडीले चाकंच नाहीत."

"एवढ्या लहान मापात चाकं दिसत नाहीत. एक दाणा म्हणजे एक डबा."

"माझ्या गाडीले एवढेच डबे?"

"मग बसा जोडत."

आणि तो खरंच बसला. मोठमोठी बोटं, पण हात हलका. एक तुकडा बोटाला चिकटून राहिला, तो भूमिकानं काढून घेतला. चिमटा हातात असूनही बोटांनीच काढला, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"माणसं कुठं हायेत यात?" त्यानं विचारलं.

"या मापात माणूस बसत नाही. समजून घ्या लागते."

"मग मी कुठं आहो, ते समजून सांगा."

"तुमी अजून फाटकाबाहेर."

"उन्हात उभं ठेवलं मले?"

"सावलीत घ्यायचं का नाही... ते पाहून राहिली." बोलून गेली आणि तिची तीच चपापली.

पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. कमलेशनं शेवटचा डबा दाबून बसवला. "एक सांगू? मी आईच्या जबरदस्तीनं आलो होतो. मनात काही नव्हतं. पण आता... आई आली का मी हो म्हणून टाकतो."

हा हो म्हणणार, आणि तो होकार जाऊन पडणार रीनाच्या पदरात. गंमत चांगलीच अंगाशी आली होती.

तिनं चिमटा उचलला. एका पिवळ्या विटेवर टेकवला. "हे आमचं क्वार्टर." मग एक ओळ मागे नेला. "अन् हे रीनाचं. तुमाले इथं जायचं होतं."

त्यानं त्या दोन सारख्या विटांवर एकेक बोट ठेवून पाहिलं. "मग तुमी?"

"भूमिका."

"तुमाले माहीत होतं?"

"तुमी चपला काढल्या तवापासून."

"मग सांगतलं काहून नाही?"

"पह्यले गंमत म्हणून. मग..." तिनं मान खाली घातली. "मग सांगावंसंच वाटलं नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आई रीनाच्या घरी पोचली होती. कमलेशनं मिठाईचा डबा उचलला, चपला घातल्या आणि निघून गेला. मागे वळूनही पाहिलं नाही.

बरं झालं, हीच शिक्षा हवी होती मला, असं म्हणत भूमिका झाडं लावायला बसली. एकही झाड सरळ बसेना. घटकाभराच्या ओळखीच्या माणसासाठी रडायचं म्हणजे काय, असं स्वतःला रागावता रागावता तिला चक्क रडू आलं.

फाटक वाजलं. दारात कमलेश, आणि त्याच्या पुढे त्याची आई, बेबीताई.

"हेच का?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हेच घर. अन् हीच."

बेबीताई येऊन खुर्चीवर टेकल्या. "पोहे यायच्या आधीच ह्यानं रीनाले खरं सांगून टाकलं. माझी तं मान खाली गेली. पोरगी भली, हासली. म्हने, भूमिकाच्या घरी चुकून लय जन शिरतात, पन बसून कोनी नाही राहत. मामा अजून तिथंच पोहे खाऊन राहिला." त्यांनी भूमिकाला खालून वर न्याहाळलं. "चहा पाजला होता काय तुनं ह्याले?"

"नाही, काकू."

"पाणी?"

"तेही... राहून गेलं."

"मग हा भुलला कायच्यावर?"

कमलेश छताकडे पाहू लागला. हसून विषय टाळता आला असता. पण एकदा गप्प बसण्याची किंमत भूमिकानं नुकतीच मोजली होती.

"त्याचं मले माहीत नाही, काकू," ती म्हणाली. "पण मी भुलली, एवढं खरं."

कमलेशचे कान लालेलाल झाले. बेबीताईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पदर सावरून खुर्चीत नीट बसल्या.

"जाय, आता पाणी आण. तुझे मायबाप येतपर्यंत मी इथून हालत नाही."