तिसऱ्या केंद्राची पेन्सिल

"रुजेरो कापुतो," मी यादीतलं नाव वाचलं आणि उगाचच केस कानामागे सारले.

राज्यघटना बदलायची की नाही, यावर अख्खं गाव महिनाभर भांडत होतं. मला मात्र सकाळपासून एकच घोर — तो येतो की नाही? नऊ वर्षं तो तूरीनला कारखान्यात होता, पण नाव अजून आमच्या तिसऱ्या मतदान केंद्राच्याच यादीत. दर मतदानाला देशाच्या त्या टोकाहून यायचा. मी ओळखपत्र ठेवून घ्यायची, मतपत्रिका आणि फुली मारायची सरकारी पेन्सिल द्यायची. पाच मिनिटांची भेट... त्यावर मी वर्ष काढायची. वेडीच म्हणा.

"दमलेले दिसता," त्याच्या हातातलं ओळखपत्र घेत मी म्हटलं.

"नऊ तास उभ्याने आलो. पण तुमच्या पेन्सिलीला टोक छान असतं."

"तूरीनला टोक करत नाहीत?"

"कळेलच आता. इथलं हे शेवटचं मत... नाव तिकडे हलवतोय. अर्ज खिशातच आहे."

मी मतपत्रिका आणि पेन्सिल पुढे सरकवली. तो मत देऊन आला, तेव्हा मी मान खाली घालूनच ओळखपत्र परत केलं.

"ओर्नेला, पेन्सिल कुठाय?" योलांदाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. शाळेत त्यांनीच मला गणित शिकवलं, आज त्या केंद्रप्रमुख. "पेन्सिल घेतल्याशिवाय ओळखपत्र दिलंस? लक्ष कुठे होतं, ते विचारत नाही. पळ आता, त्याची गाडी सुटायच्या आत."

भुरभुर पावसात मी स्टेशन गाठलं. तो बाकावर बसला होता. मांडीवर कोरा अर्ज, हातात आमची पेन्सिल.

"सरकारी आहे ती," मला धाप लागली होती. "द्या इकडे."

"खिशात राहिली हो चुकून. हिने लिहिलेलं पुसता येत नाही ना?"

"नाही."

"म्हणूनच अडलोय." तो अर्जाकडे बघत राहिला. "घटनेची मला काळजी आहे. पण नऊ तास उभं राहण्याइतकी नाही, ओर्नेला. मी कोणासाठी येतो, ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"आणि दर वेळी मतपत्रिका द्यायला मीच का बसते, ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"मग सांगा ना... नाव हलवू का?"

"मत गुप्त असतं."

त्याचा चेहरा इतका पडला की मलाच राहवेना. मी पेन्सिल काढून घेतली आणि अर्जावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ठसठशीत फुली मारली. तेवढ्यात गाडी आली. तो पायरीवर चढला, तरी माझा हात सोडेना.

"पुढच्या रविवारी मतदान नाहीये," मी म्हटलं.

"माहीत आहे. येतो."

मी भिजून परतले. योलांदाबाईंनी पेन्सिल उजेडात धरली.

"टोक झिजलंय गं."

"मत दिलं, बाई."

"तू तर सकाळीच दिलंस ना?"

"ते देशाचं होतं."