उत्तररंग

गाझियाबादच्या त्या सोसायटीचा तळघरातला हॉल एरवी किटी पार्टीला नाहीतर बारशाला मिळतो. त्या रविवारी सकाळपासून तिथे सुमित्राबाईंच्या सुयशचा सिनेमा चालला होता. आयटीतली नोकरी सोडून काढलेला, भुताचा. सतरंजीवर श्रोते म्हणून सोसायटीतलेच शर्मा, गुप्ता, त्यागी बसले होते, छोले-भटुऱ्यांच्या बोलीवर.

गोष्ट सुयशनेच रचली होती. एका कीर्तनकारबुवांचा भर कीर्तनात, श्रोत्यांतूनच कुणीतरी उठून खून केला. तेव्हापासून आख्यान चालू असताना जो मध्येच उठेल, त्याला बुवा घेऊन जातात. चाकू आणि रक्त परवडेना, म्हणून गळा उपरण्यानेच आवळायचा. उठणाऱ्या माणसासाठी नट मिळाला नाही. तो सुयशच झाला.

"आई, तू फक्त पेटी वाजव. खरं कीर्तन नाहीये, यार."

"पेटीला कुठं खोटं वाजता येतं?" सुमित्राबाई म्हणाल्या आणि भाता उघडला. अर्धा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलेला. दिल्लीत ती वर्षातून एखादी, तीही घरापासून लांब; पण कीर्तन आहे म्हटलं की बाई पहिल्या रांगेत.

बुवा झालेला इंद्रजित मेरठचा. मराठीचा गंध नाही. पूर्वरंगाच्या दहा ओळी त्याने घोकून आणल्या होत्या, पण 'गळा' म्हणायला जीभ वळेना. "आंटी, गला, ठीक है ना?" तो पुन्हा पुन्हा विचारायचा. सगळे हसायचे, तोही हसायचा.

कॅमेऱ्यामागे सुयशच्या जुन्या ऑफिसातली विनया होती. तिने खूण केली. इंद्रजितने ओळी म्हटल्या आणि तो थांबला. शॉट तिथेच संपायचा होता.

पण हाताला सवय असते. पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा, पाया पडायचं; मग उत्तररंगातलं आख्यान सुरू. सजावटीच्या तबकात हार होता, बुक्का त्यांनी घरून आणलेला. सुमित्राबाई उठल्या, सगळं रीतसर केलं, वाकून नमस्कार केला आणि पेटीशी येऊन बसल्या.

"कट," विनया म्हणाली. "काकू, हे स्क्रिप्टमध्ये कुठं होतं?"

बुवांनी झांज उचलली.

"चालू दे," सुयश हलकेच म्हणाला. "मूडमध्ये आहे तो."

"एका माउलीचा एकुलता मुलगा," बुवा सांगू लागले, "श्रोत्यांत बसला होता. गोरा, कोवळा गळा."

ळ स्वच्छ होता. आवाज म्हाताऱ्या, मुरलेल्या माणसाचा.

सुमित्राबाईंची बोटं गार पडली, तरी चालत राहिली. चाल त्यांनी कधी ऐकलेली नव्हती, पण पुढचा सूर बोटांना आधीच ठाऊक होता. वरच्या जनरेटरची घरघर ऐकू येईनाशी झाली. फिनेलच्या वासात जुना कापूर मिसळला. मराठी न कळणारे शर्मा, गुप्ता, त्यागी एकाच वेळी माना डोलावत होते.

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. करोल बागेतून आणलेलं, कोरं. आता त्याची घडी पिवळी दिसत होती. ते सावकाश हाताला गुंडाळत बुवा सुयशकडे पाहत होते. फक्त सुयशकडे.

"सुयश, बस तू."

"आई, आता माझाच सीन आहे." त्याने सतरंजीवर हात टेकला.

आरती होईपर्यंत हे थांबणार नव्हतं, आणि आरती अजून लांब होती. बुवांना उठणारा हवा होता.

सुयशचा गुडघा वर आला.

सुमित्राबाई उठल्या.

बुवा वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. उपरणं बाईंच्या गळ्याभोवती आलं, हलकं, ओलसर, गार.

सुमित्राबाईंनी खाली पाहिलं. आपले दोन्ही हात रिकामे होते.

पेटी थांबली नाही.

सुयश पुन्हा मांडी घालून बसला आणि पेटीशी मान खाली घालून बसलेल्या आईकडे पाहून हसला. विनयाने कॅमेरा तिकडेच वळवला.

"वा, काकू," ती कुजबुजली. "अश्शाच बसून राहा. मान वर करू नका."