पिवळ्या मातीचे बोळे

कडाड्! वाळकी फांदी मोडली आणि थेट इंजिनच्या चाकांच्या खुर्चीपुढे येऊन आदळली.

"ब्रेक!" ठिणगी किंचाळली.

इंजिनने दोन्ही चाकं करकचून धरली. आणखी हातभर पुढे असता तर डोकं फुटलंच असतं! ठिणगी खुर्ची मागे ओढायला धावली.

"ढकलू नकोस हं! माझा मी जातो," इंजिन म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य.

ठिणगी त्याची ताई. तिच्या रागाची ख्याती गल्लीभर, म्हणून हे नाव. इंजिनचे पाय जन्मापासून चालत नव्हते, पण हात असे दणकट की विचारू नका, म्हणून तो इंजिन! ही वाट पूर्वी आगगाडीची होती. रूळ उखडून नेले आणि दोन्ही बाजूंना झाडं वाढली. आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून वाट अगदी सपाट, आणि मोटारींना बंदी. अख्ख्या गावात इंजिन एकटा शाळेत जाऊ शकेल अशी ही एकच वाट होती. आणि उद्या तीही बंद होणार होती! झाडं मेली आहेत, धोकादायक आहेत, ती तोडून इथे रुंद रस्ता करणार, अशी पाटीच लागली होती.

"रोग पडलाय म्हणे," पहिलवान म्हणाला. हा त्यांचा दोस्त. फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून पहिलवान.

"फक्त नव्या इमारतींच्या बाजूलाच? शहाणा दिसतोय रोग!" ठिणगी फणकारली.

इंजिन मात्र एका बुंध्याकडे टक लावून बघत होता. "ताई, हे बघ. अगं, उभ्याने नाही दिसणार. खाली बस!"

ती बसली. गवताआड, अगदी बुंध्याच्या तळाशी, बोटभर रुंदीची भोकं होती. प्रत्येकात मातीचा बोळा कोंबलेला. इथली माती जुन्या कोळशाने काळीकुट्ट, आणि बोळे पिवळेधमक! तसल्या पिवळ्या मातीचा ढीग एकाच ठिकाणी होता, पलीकडे इमारतीच्या पायासाठी खोदलेल्या खड्ड्याशेजारी. म्हणजे इमारतवालेच भोकं पाडून झाडं मारत होते!

तिघं तडक उद्यानखात्याच्या बाईंकडे गेली. बाईंनी मान वर करायचीही तसदी घेतली नाही. "मी स्वतः पाहणी केली आहे. जा, खेळा!"

"मग रंगेहाथच पकडू," ठिणगी म्हणाली. "त्या बाजूचं जुन्या फलाटाजवळचं झाड तेवढं अजून हिरवं आहे. उद्याच्या आत इमारतवाले त्याला मारायला येणारच."

बेत साधा होता. ती माणसं दिसली की पहिलवानाने धूम ठोकून आईला, बाईंना, मिळेल त्याला घेऊन यायचं. तोवर बाकी दोघांनी गप्प लपून राहायचं.

दुपारी गाव पेंगत असताना इमारतीवरचा मुकादम आला. सोबत ड्रिलवाला. पहिलवान सटकला. घर्रर्र! बुंध्यातून भुसा उडाला. मुकादमाने कॅनचं झाकण उघडलं.

आता गप्प बसायचं होतं ना? पण गप्प बसेल ती ठिणगी कसली!

"ए! सोड ते झाड!"

मुकादमाने असा काही हात उगारला की एका थपडेत ती आडवी झाली. ओठ फाटला. तोंडात रक्ताची खारट चव आली. ती उठली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तो गुरासारखा ओरडला. हाताला लागलेलं दांडकं त्याने तिच्या कपाळावर हाणलं. डोळ्यात रक्त उतरलं, समोरचं सगळं लाल झालं.

"माझ्या ताईला मारतोस?"

इंजिन जुन्या फलाटाच्या उतारावर होता. त्याने चाकं मोकळी सोडली. "बाजूला व्हा, आगगाडी आली!"

धाडकन खुर्ची ड्रिलवाल्याच्या नडग्यांवर आदळली. तो कॅनवर कोसळला, आणि त्याची विजार चिंब भिजली. मुकादमाने खुर्चीच उलटी केली. इंजिन खडीवर फेकला गेला, दोन्ही कोपरं सोलून निघाली. तरी त्याने मुकादमाचा घोटा पकडला! दुसऱ्या पायाने मुकादम त्याच्या खांद्यावर लाथा घालत होता, पण खुर्ची हाकून हाकून कमावलेले ते हात सुटतात कुठले!

तेवढ्यात पहिलवान आला. मागे आई, बाई आणि निम्मी गल्ली.

"बघा, पोरं अंगावर धावून आली!" मुकादम धापा टाकत म्हणाला. "आम्ही तर झाडांना औषध देत होतो."

बाईंची मान होकारार्थी हलायलाच लागली होती, इतक्यात ड्रिलवाला बोंबलला, "जळतंय! पाणी आणा! औषध कसलं, विष आहे ते!"

आईने आधी त्याला नळाखाली बसवलं. मग ती पोरांकडे वळली आणि तिचा बांधच फुटला.

बाई गुडघ्यांवर बसल्या. नखाने एक पिवळा बोळा काढला. मग दुसऱ्या झाडापाशी बसल्या, मग तिसऱ्या. उठल्या तेव्हा कपडे कोळशाने माखले होते आणि चेहरा पडला होता.

"मी चालत चालत पाहणी केली," त्या म्हणाल्या. "एकदाही वाकले नाही. चूक माझी आहे." त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी उपटून काढली. मुकादमाला पोलीस घेऊन गेले.

मेलेली झाडं काही परत आली नाहीत. पण फलाटाजवळचं वाचलं, आणि वाटही वाचली. "यापुढे माझ्याआधी पाहणी तू करायचीस," बाई इंजिनला म्हणाल्या. आईने ठिणगीच्या कपाळावरचे टाके बघत आधी भरपूर बोलून घेतलं, आणि मग म्हणाली, "शाबास गं माझ्या वाघिणी!"

सुट्टी संपून शाळा उघडली. इंजिनच्या खुर्चीचं एक चाक आता थोडं डुगडुगत होतं. ठिणगीचा हात आपोआप पुढे गेला.

"ढकलू नकोस हं! माझा मी जातो."

तिने दोन्ही हात खिशात कोंबले. खुर्ची सुसाट निघाली आणि झाडांमधून वळणाआड गेली. दिसेनाशी झाली तरी ताई तिथेच उभी होती, घळाघळा रडत. पण ठिणगी रडली हे कुणाला सांगू नका, ती मारेल!