उतरवलेलं मीठ

पनवेलच्या एका कॅन्सर रुग्णालयात मी औषधांच्या अभ्यासाचं काम बघते. सध्याचा अभ्यास साधा होता: केमोनं गेलेली तोंडाची चव एका नव्या औषधाच्या गुळण्यांनी परत येते का? पेशंट जेवणाबाबत खोटं बोलतात, सोबतचे त्याहून सराईतपणे. मी डब्याच्या वजनावरून ओळखते.

गव्हाणच्या हौसाबाई मात्र खऱ्या.

"माती लागतं सगलं."

"मी रांधलंय, माती लागनारच," नवरा म्हणायचा.

हे काशीरामकाका. सुई लावण्याआधी मूठभर मीठ बायकोवरून उतरवायचे. त्याचं मला काही नाही. आमच्याकडे लिंबू ओवाळणारे इंजिनिअरही येतात. पण उतरवलेलं मीठ पाण्यात सोडतात. काका ते रुमालात बांधून घरी न्यायचे.

"टाकत का नाही?"

"मॅडम, बापजाद्यानं मिठागरात जन्म काढला. मीठ टाकाचं नाय. माज्या जेवनात घालतो."

मी हसले होते.

पुढच्या खेपेला हौसाबाईंनी सुकटाची चटणी मागून खाल्ली. वर कुरकुरल्या, "खारट झालीय." मी खूश. गुळण्या लागू पडल्या! काकांनी स्वतःचा डबा उघडलाच नाही.

मग केमो चालू असतानाच हौसाबाईंच्या डोक्यावर केस आले. काकांची टोपी सैल झाली. खाली भुवया नव्हत्या. ज्या मनगटाला कधी सुई लागली नव्हती, तिथली शीर काळी पडली होती.

डॉक्टर चारुदत्तांनी काकांच्या सगळ्या तपासण्या केल्या. सगळं स्वच्छ.

"आजारच नाही," ते म्हणाले, "औषध कशावर देऊ?"

मी काकांच्या हातापाया पडले. "ते मीठ खाऊ नका."

"ती जेवतं ना?"

"जेवतात."

"मंग झालं."

हौसाबाईंची गाठ गेली. अभिनंदन करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "माजं दुखनं मना परत द्या, मॅडम. कसं बी फिरवा." बाईंच्या हातात आता चांगलीच ताकद होती.

काका खाटेला खिळले. पाणीसुद्धा पोटात ठरेना, बोलणंही थांबलं. सून किशोरी आली. पोटुशी, तीही मिठागरवाल्यांचीच लेक. तिनं सासऱ्यावरून मीठ उतरवलं आणि मूठ मिटून उभी राहिली.

"बेसिनमध्ये सोड," मी म्हटलं. नळ मीच उघडून दिला.

तिनं मान डोलावली.

दाराशी हौसाबाई रडत होत्या. त्यांना बसवून मी वळले.

नळ वाहत होता. बेसिन कोरडं नव्हतं, एवढंच सांगता येईल.

"सोडलंस ना?"

मूठ उघडी होती, रिकामी. किशोरीनं पुन्हा मान डोलावली. ओठ घट्ट मिटलेले.

मागून काकांचा आवाज आला, स्वच्छ, भरदार.

"पोरी, जेवाला काय आनलंस? भूक लागली."