शेपटाची गाडी

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. वडिलांनी सांगितलं, आईने सांगितलं, आणि सावळारामकाकांना वेगळं बसवून विचारल्यावर त्यांनी सांगितलं, तेवढंच लिहिते आहे. तिघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला, ती वाक्यं गाळली आहेत.

जे उरलं ते हे.

सन १९५६. वैशाख शुद्ध त्रयोदशी. इंदापूर तालुक्यात बावड्याच्या अलीकडे एक ओढा आहे. वेळ दिवेलागणीची.

रावजी म्हणजे माझे वडील. पण हकीकत त्यांची आहे, तेव्हा पुढे त्यांना रावजीच म्हणते.

बारामतीजवळच्या एका मळ्यावर तिघे दोस्त शेजारी शेजारी बागाईत करायचे. रावजी, सावळाराम आणि हिंदुराव. वांगी, कांदा, थोडी केळी. वैशाखात शेतं मोकळी झाली की तिघे आपापल्या गाड्यांना तट्ट्याची छपरं बांधत आणि बायकांना घेऊन देवदेव करायला निघत. कधी शिंगणापूर, कधी जेजुरी, बहुतेक वेळा नरसिंहपूर. वाटेत कालव्याला अंघोळी. झाडाखाली तीन दगडांची एकच चूल. भाकरी सगळ्यांच्या एका टोपल्यात, आणि कुणाची जाड झाली यावरून दिवसभर चेष्टा.

तिघांच्या जागा ठरलेल्या होत्या. पुढे रावजी. मध्ये सावळाराम. शेवटी हिंदुराव.

शेवटच्या गाडीला ते शेपटाची गाडी म्हणत.

छपरामुळे पुढच्या गाडीवानाला मागचं काही दिसत नसे. म्हणून हाळी द्यायची रीत होती. ओढा आला की रावजीची गाडी वाळूत उतरायची आणि तो ओरडायचा, "हाय का रंऽऽ?" उत्तर आधी शेपटाच्या गाडीने द्यायचं, मग मधलीने. शेपटाकडून उत्तर आलं नाही, तर सगळ्यांनी असतील तिथे उभं राहायचं. वाळूत असाल तर वाळूत.

मागे वळून कुणी बघत नसे. गरजच पडत नसे.

सावळाराम नुसतं "हाय" म्हणायचा. हिंदुरावाचं उत्तर वेगळं होतं.

"हाका बिनघोर!"

शेवटचं अक्षर लांबवून, थोडं हसत. दुसरं कुणी तसं म्हणत नसे.

आदल्या श्रावणात केळीला पाणी देताना हिंदुरावाला पान लागलं. गावाकडे साप म्हणत नाहीत, पान म्हणतात. बांधावरून घरापर्यंतसुद्धा तो पोचला नाही.

त्या वर्षी यात्रा करायचीच नाही असं ठरत होतं. पण द्वारकाबाईला, म्हणजे माझ्या आईला, नवस बोलायचा होता. आधीची दोन बाळं जन्मताच गेली होती. आता पुन्हा दिवस होते. सातवा सरत आला होता. "नरसिंहाच्या पायावर डोकं ठेवल्याबिगर मी बाळंत व्हायची न्हाय," असं तिने सांगून टाकलं.

मग हिंदुरावाची विधवा, शकुबाई, तीही निघाली. गाडी हिंदुरावाचीच, बैल त्याचेच. हाकायला त्याचा धाकटा भाऊ गेणबा. जागा तीच. शेपटाची.

पहिला दिवस मजेत गेला. गेणबाला बैल जुमानत नव्हते, त्यावरून सावळारामला जोर चढला होता.

"गेणबा, तू बैल हाकतुयास का बैल तुला?"

"बैलांस्नी इचारा की, तात्या. त्येंनाच ठावं."

वालचंदनगरच्या साखर कारखान्याचं धुराडं दिसलं तेव्हा बायका खाली उतरून उभ्या राहिल्या. संध्याकाळी कॉलनीत विजेचे दिवे लागले. शकुबाई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "ह्येंना लई आवडायचं हितं थांबाय." 

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आपल्या गाडीतून उतरली आणि शकुबाईच्या गाडीत जाऊन बसली.

सावळारामची बायको प्रयागबाई तिला आडोशाला घेऊन म्हणाली, "अगं, पोटुशी बाई तू. तिच्या गाडीत दीसभर बसू नये. वरीस न्हाय झालं अजून."

"ती एकटी रडतीया त्या छपरात. तू बसतीस का?"

प्रयागबाई आपल्या गाडीकडे वळली.

म्हणजे त्या संध्याकाळी रावजीचं सगळं काही शेपटाच्या गाडीत होतं.

दुपारपासून पश्चिमेला ढग चढत होते. वळवाचे. इथे थेंब नव्हता, पण लांब कुठेतरी गडगडत होतं. वारा मागून सुटला होता. गाड्यांची धूळ पुढे धावत होती.

ओढा आला. कोरडा, पांढरी वाळू. रावजीची गाडी खाली उतरली. सावळारामची तिच्या मागोमाग.

रावजीने हाळी दिली.

"हाय का रंऽऽ?"

उत्तराला जरा वेळ लागला…

"हाका बिनघोर!"



तोच आवाज. शेवट लांबवलेला. थोडं हसलेला.

मागून सावळारामचं उत्तर यायला हवं होतं. ते आलं नाही.

"सावळा?"

"हाय," सावळाराम अगदी हळू म्हणाला. मग म्हणाला, "रावजी… ऐकलंस का?"

रावजीला संताप आला. भीतीच्या आधी संतापच आला, असं ते आजही सांगतात. त्याला वाटलं, गेणबा चेष्टा करतोय. भावजय गाडीत बसलेली असताना.

"गेणबा! लाज हाय का जरा?" तो ओरडला. आणि त्या रागातच बैलांना चाबूक दाखवला.

रीत अशी होती की उत्तर आलं, तर थांबायचं नाही. उत्तर आलं होतं.

गाडी पलीकडचा चढ चढली. सावळारामची चढली. रस्ता सपाट झाला. रावजीचा राग थोडा उतरला आणि त्याने पुन्हा हाळी दिली. आता नुसती खात्री करायला.

"हाय का रंऽऽ?"

या खेपेला वेळ लागलाच नाही…

"हाका बिनघोर!"

जवळून. सावळारामच्या गाडीला लागून.

आणि तेव्हा रावजीच्या ध्यानात आलं, की आपल्याला काहीतरी ऐकू येत नाहीये.

घुंगरं.

हिंदुरावाच्या बैलांच्या गळ्यात पितळी घुंगुरमाळा होत्या. वजनदार. दोन दिवस त्या एकसारख्या मागे वाजत होत्या, इतक्या की कान त्या ऐकायचे विसरले होते. वारा मागून होता. त्या ऐकू यायला हव्या होत्या.

आवाज येत होता. घुंगरं नव्हती.

रावजीने गाडी थांबवली. उतरला. सावळारामच्या गाडीला वळसा घालून मागे गेला.

मागे रस्ता होता.

नुसता रस्ता. धूळ खाली बसलेली. तिसऱ्या गाडीच्या चाकोऱ्यासुद्धा नाहीत.

"सावळा, शेपटाची गाडी कुठं हाय?"

सावळाराम खाली उतरला. त्याने पाहिलं. मग त्यानेच विचारलं,

"मग आत्ता… आत्ता मागनं बोललं कोण?"

रावजी ओढ्याकडे पळत सुटला. काठ दिसू लागला होता तेवढ्यात पायाखालची जमीन थरथरल्यासारखी वाटली. मग एक आवाज आला. कडब्याची गंजी ढासळावी तसा.

पाणी आलं.

वरच्या अंगाला कुठेतरी वळीव कोसळला होता. तांबडं, गढूळ पाणी, झुडपं आणि कुडाचे तुकडे घेऊन. बघता बघता दोन्ही काठ भरले. ज्या वाळूत दोन गाड्या उभ्या राहिल्या असत्या, तिथे भोवरा फिरत होता.

द्वारकाबाई पलीकडे होती. किंवा पाण्यात.

रावजीने उडीच घातली असती. सावळारामने त्याला कमरेला मिठी मारून खाली पाडलं आणि त्याच्या अंगावर बसून राहिला.

"सोड! माझं माणूस हाय तितं!"

"पान्याला माणूस कळत न्हाय, रावजी! पड गप!"

रावजीने पडल्या पडल्या तोंडाशी हात नेले. हाळी द्यायला. सावळारामने त्याचे हात धरले.

"नगं. आता हाळी दिऊ नगंस."

"का?"

"उत्तर आलं तर?"

रावजीने हाळी दिली नाही.

पाणी ओसरायला पहाट झाली. उजाडताना दोघे गुडघाभर चिखलातून पलीकडे गेले. काठावर, चांगल्या उंचीवर, लिंबाखाली गाडी उभी होती. बैल अजून जुंपलेलेच. द्वारकाबाई गाडीच्या तोंडाशी बसली होती. धड होती. पोटावर दोन्ही हात घट्ट.

 रावजीला रडू आलं. मग तो गेणबावर धावून गेला.

"उत्तर का दिलंस? मागं ऱ्हायला हुतास तर उत्तर का दिलंस?"

गेणबाचा आवाज पार बसलेला होता. रात्रभर ओरडल्यासारखा.

"दादा, मी 'थांबा' म्हणत हुतो. तुमची हाळी आली तवापासनं. 'थांबा, बैल चालंनात' म्हणून बोंबलत हुतो. तुमी थांबलाच न्हाय."

वारा त्याच्याकडून रावजीकडे वाहत होता. त्याची हाक पोचायलाच हवी होती. एकही पोचली नव्हती.

"बैलांना काय झालं हुतं?"

गेणबाने शकुबाईकडे पाहिलं. ती गाडीच्या मागे पाठमोरी उभी होती.

"लिंबापाशी आलो आन दोघं एकदम उभं ऱ्हायलं. चाबूक मारला तरी हलंनात. मग…" तो थांबला. "मग दोघांनी माना खाली घातल्या. आमचा हिंदुरावदादा त्येंचं कपाळ खाजवायचा तवा घालायची तशा. हलत्याती, डोलत्याती. आन म्होरं कोनी न्हाय."

"मग?"

"वैनी खाली उतरली. बैलांच्या तोंडाशी गेली. आन रिकाम्या जागेकडं बघून म्हणली…"

 पुढचं द्वारकाबाईने सांगितलं.

"ती म्हणली, दमलासा व्हय?"

नरसिंहपूरला जाऊन नवस बोलून सगळे परत आले. श्रावण लागण्याआधी द्वारकाबाई बाळंत झाली. मूल जगलं. ते मूल म्हणजे मी.

घरात सगळ्यांनी मनाशी हिशेब जुळवला. उत्तर आलं नसतं, तर रितीप्रमाणे दोन्ही गाड्या वाळूत थांबल्या असत्या. बैल चालले असते, तर तिसरी गाडी पाण्यात सापडली असती. प्रयागबाई येईल-जाईल त्याला सांगायची, "दोस्त असावा तर असा. मेल्यावरबी राखण केली."

रावजीलाही तेच पटलं होतं.

पुढच्या वैशाखापर्यंत.

नवस फेडायला जायचं होतं. या वेळी दोनच गाड्या. शकुबाई आली नाही. तिने बैल विकले नाहीत, पण गाडीची चाकं काढून ठेवली होती. द्वारकाबाई मला मांडीवर घेऊन रावजीच्याच गाडीत, त्याच्या पाठीशी बसली होती.

त्याच ओढ्यावर ते सकाळी पोचले. मुद्दामच सकाळी. आभाळ स्वच्छ. पश्चिमेला ढगाचा ठिपका नाही. वाळू कोरडी.

रावजी खाली उतरला. मागे चालत गेला, सावळारामची गाडी डोळ्यांनी पाहून आला. हाळी द्यायची रीत त्याने मोडली होती.

"आता काय बघतुयास?" सावळाराम हसला. "हाय मी, हाय. हाक."

रावजी गाडीवर चढला. कासरा हातात घेतला. कुणीही हाळी दिली नव्हती…

"हाका बिनघोर!"

द्वारकाबाईने मला छातीशी धरलं. सावळारामचं हसू तोंडावरच राहिलं.

तो आवाज मागून आला नव्हता.

पुढून आला होता. ओढ्याच्या पलीकडून. चढावर जिथे रस्ता सपाट होतो तिथून.

रावजीने पलीकडे नीट पाहिलं. पलीकडे एक बोरीचं झुडूप आणि पांढरा रस्ता. बाकी काही नाही. बैलांनी मात्र कान टवकारले होते. त्यांना जायचं होतं. ते जू ओढू लागले होते.

राखण करणारा पुढून कशाला बोलावेल, हे रावजीला उमगेना; त्याने बैलांना आवरलं आणि गाड्या माघारी वळवल्या.

दोन दिवस त्यांनी अलीकडच्या वस्तीवर वाट पाहिली. ओढ्याला पाणी आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दुसऱ्या गाड्या ओढा ओलांडून सुखरूप गेल्या आणि यात्रा करून आल्या.

आमचा नवस मग घरीच फेडला गेला.

मी पुण्याला शिकले. पदार्थविज्ञान हा माझा विषय. आवाज कोणत्या दिशेने आला हे दोन कानांना कसं कळतं, ते मी शिकले आहे. वाऱ्याने आवाज कसा वाकतो, तेही. पहिल्या संध्याकाळचं थोडंफार या शिक्षणातून सुटतं. गेणबाचा "थांबा" हवेत कुठेतरी हरवला असेल. दोन घाबरलेल्या माणसांना एकच भास झाला असेल.

बैलांचं काय, ते सुटत नाही. दुसऱ्या वर्षाचं काहीच सुटत नाही.

गेल्या वैशाखात मी तिथे गेले होते. आता ओढ्यावर छोटा पूल आहे. लख्ख ऊन होतं. प्रतिध्वनी येतो का, एवढंच पाहायचं होतं. काठावर उभी राहिले, तोंडाशी हात नेले…

आणि हाळी दिली नाही.

काहीच उत्तर आलं नसतं, तर सगळं सोपं होतं. पण आलं असतं, तर मागे वळायचं की पुढे जायचं, ते मला ठरवता येईना.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते आता फारसे बोलत नाहीत. "बरं केलंस," एवढंच म्हणाले.

मग दिवा लावायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं,

"वारा कुठनं हुता गं? मागनं, का म्होरनं?"